हडसर दोनदा

१

संध्याकाळी खोली बंद करण्याआधी मी रोज तीच कामं त्याच क्रमाने करायचे. शिवनेरीवर व्हायरसविरोधी प्रोग्रॅमची नवी फाइल उतरवून घ्यायची, ती बाकीच्या मशीनना वाटायची, प्रत्येकाची तपासणी लावायची आणि शेवटी नेटवर्कवरची यादी उघडून सगळी मशीन हजर आहेत ना ते पाहायचं. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन, निमगिरी, सिंदोळा. आमच्या भागातल्या किल्ल्यांची ही नावं मीच दिली होती. मशीनला 'एक नंबर, दोन नंबर' म्हणायला मी कानपूरला कॉम्प्युटर शिकून परत आले नव्हते.

परत का आले, हे लोक तेव्हाही विचारायचे. २००६ सालात हैदराबादची नोकरी नाकारून ओतूरच्या एसटी स्टँडसमोर, दूध संस्थेच्या माडीवर मुलींना कॉम्प्युटर शिकवणारी बाई म्हणजे एकतर नापास झालेली असणार, नाहीतर लग्न मोडलेली. मी दोन्ही नव्हते. पिंपळवंडीची मुलगी पुण्याच्या मुलीइतकीच हुशार असते आणि तिला फक्त मशीन मिळत नाही, याचा मला राग होता. त्या रागावरच ती खोली उभी राहिली होती.

आणि उभी राहिल्यापासून ती सडवायला सगळं गाव लागलं होतं. कुणी पेनड्राइव्हमधून पुतण्याच्या लग्नाचे फोटो आणायचं, कुणी सीडीवर पिक्चर. सगळी मशीन एका जाळ्यात. एकाला लागण झाली की दुपारपर्यंत सहाही आजारी. त्यातले काही प्रोग्रॅम नुसते त्रास द्यायचे. काही मात्र गप्प बसून बघायचे: कोण काय टाइप करतं, कॅमेऱ्यासमोर कोण बसतं. असले हेर मी दर आठवड्याला उपटून काढायचे. मग दारात एक स्टीलचा डबा ठेवला. चपला बाहेर, पेनड्राइव्ह डब्यात.

जुन्नरचे अन्सारभाई पहिल्यांदा जिना चढून आले तेव्हा त्यांनी तो डबा पाहिला आणि मान हलवली. त्यांचं ओतूरला मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. मुलगी रूही इथल्याच कॉलेजात होती. बापाबरोबर सकाळी यायची, तिन्हीसांजेला त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून परत जायची.

"मॅडम, शिकवायला माझी ना नाय," ते म्हणाले. "पण ह्या मशीनीतून पोरींचे फोटो जातात म्हणे भाईर. कुठल्या कुठं जातात. मग घरात ठेवायचं काय नि भाईर पाठवायचं काय?"

मी त्यांच्यादेखत हडसरच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली. "अन्सारभाई, हिचा चेहरा या खोलीबाहेर जाणार नाही. हा माझा शब्द."

"शब्दावरच ठेवतो मग. त्यात काय कमी-जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी पोरगी घरात."

रूही खाली बघत हसली होती. अंगठ्याने ओढणीचं टोक गुंडाळत. वर्गात तिच्याइतकी वेगाने शिकणारी दुसरी मुलगी नव्हती.

त्या दिवशी बाकीच्या मुली गेल्या होत्या. रूही हडसरवर बसली होती. एरवी तिन्हीसांजेला मी खाली संस्थेत चहाला जायचे. त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून वरच थांबले. यादी उघडली.

शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन, निमगिरी, सिंदोळा. आणि खाली पुन्हा, हडसर.

२

एका जाळ्यात दोन मशीनना एकच नाव देता येत नाही. दिलं तर मशीन स्वतःच नकार देतं. मी यादी बंद केली, पुन्हा उघडली. हडसर दोनदा.

कारण शोधायला वेळ लागला नाही. यादी जुनी माहिती धरून ठेवते, गेलेलं मशीनही काही वेळ दिसत राहतं. थोड्या वेळाने अन्सारभाईंचा हॉर्न वाजला, रूही चपला घालून खाली गेली, आणि यादीत एकच हडसर उरला. झालं. पण असा घोळ आपोआप होत नाही, कुणीतरी करतं, आणि असला घोळ करणारा माणूस मला माहीत होता.

भरत संस्थेचा क्लार्क. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तेव्हा तो रबरी शिक्का पॅडवर आपटत होता.

"भरतभाऊ, काल वरच्या मशीनला हात लावला होतात?"

"मी? तुमचा डबा बघूनच मला घाम फुटतो, म्याडम. देवळात बी चपलाच काढायला लावतात, खिसं न्हाई झाडत."

"गेल्या महिन्यात तुमच्या पेनड्राइव्हनं सगळी मशीन बसली होती."

"त्यात आमच्या मेव्हणीचं लगीन व्हतं. लग्नात रोगराई आसती व्हय?" आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. "राव, तुमी आमाला आडाणी समजून बोलता. आमी आडाणी हाये, पण चोर न्हाई."

"खोली संस्थेची आहे म्हणून वाटेल तसं वापरायचं, असं होणार नाही. त्या मशीनवर मुलींची नावं आहेत, पत्ते आहेत."

"चेरमन म्हणत्यात, आजून एकदा बंद पडलं तर वर पेंड ठिवू. पेंडीला व्हायरस लागत न्हाई."

मी जिना चढले. त्या हसण्याचा राग मला संध्याकाळपर्यंत पुरला. म्हणूनच कदाचित, तिन्हीसांजेला यादीत पुन्हा दोन हडसर दिसले तेव्हा भीतीचा विचारही मनात आला नाही. सापडलास, एवढंच वाटलं.

३

नेटवर्कवरच्या मशीनला हाक मारायची एक साधी सोय असते. आपण हाक मारायची, ते ओ देतं, आणि ओ यायला किती वेळ लागला ते पडद्यावर दिसतं. लांबच्या मशीनला वेळ लागतो. स्टँडपलीकडून कुणी चोरून तार जोडली असती तरी मला कळलं असतं.

मी दुसऱ्या हडसरला हाक मारली. ओ आली, आणि यायला वेळ लागलाच नव्हता. इतक्या लवकर ओ फक्त याच खोलीतून येऊ शकत होती.

मी वळून पाहिलं. रूही पाठमोरी बसून टाइप करत होती. प्रयागबाई खिडकीजवळच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावत होत्या. त्या आमच्या पिंपळवंडीच्या, आईच्या ओळखीतल्या. खोली उघडायच्या, झाडायच्या. सहा मशीनची घरघर चालू होती. कोपऱ्यात पाण्याचा माठ, त्याच्याशेजारी एक स्टूल. बाकी खुर्च्या रिकाम्या होत्या.

दुसरा हडसर मी उघडला. आत एकच फोल्डर. फोल्डरमध्ये फोटो.

पहिला फोटो आमच्या खोलीचा होता. माठाच्या कोपऱ्यातून काढलेला. संध्याकाळचा उजेड, रिकाम्या खुर्च्या, आणि समोर पार टोकाला रूहीची पाठ. दुसऱ्या फोटोत तीच पाठ, थोडी मोठी. तिसऱ्यात आणखी. प्रत्येक फोटोत रूहीचे कपडे वेगळे होते, दिवस वेगळा होता, आणि काढणारा एकेक खुर्ची पुढे आला होता. शेवटच्या फोटोत फक्त तिची वेणी, मान आणि निळ्या ओढणीची किनार. ओढणीची शिवण एका जागी उसवली होती, तिथला सुटलेला दोराही दिसत होता.

समोर बसलेल्या रूहीच्या खांद्यावर आज तीच निळी ओढणी होती.

मी उठून कोपऱ्यात गेले. माठ हलवला, स्टूल उलटं केलं, भिंतीवर हात फिरवला, फळीवरच्या जुन्या खोक्यांमध्ये पाहिलं. कॅमेरा नव्हता. भोक नव्हतं. कोळिष्टकं होती.

"काय शोधताय मॅडम?" रूहीने मान न वळवता विचारलं.

"काही नाही. तू कर तुझं."

"झालंच माझं."

ती गेल्यावर मी हबजवळ बसले. सगळ्या मशीनच्या केबल त्या एका पेटीत येतात. शिवनेरीच्या पडद्यावर हाक चालूच ठेवली आणि एकेक केबल उपटत गेले. सिंदोळा. निमगिरी. जीवधन. चावंड. हडसर. ओ येत राहिली. शेवटी शिवनेरीची स्वतःची केबलही ओढून काढली. पेटीवरचे सगळे दिवे विझले. आता हाक जायलाच रस्ता नव्हता.

तरी ओ आली. पुन्हा आली. मग उदबत्ती संपत आली तशी थांबली.

मला भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू, रागच आला. कुणीतरी माझ्या खोलीत, माझ्या शब्दाखाली बसलेल्या मुलीच्या मागे रोज एक खुर्ची पुढे सरकत होतं, आणि सगळं शिक्षण पणाला लावूनही मला त्याचं नाव सांगता येत नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी मी रूहीला हडसरवरून उठवून चावंडवर बसवलं. कॅमेऱ्यावर पट्टी लावली. ती म्हणाली, "तिकडचा कीबोर्ड चांगला होता, मॅडम." मी म्हणाले, "दुरुस्तीला काढायचंय."

फोल्डरचं मी घरी कुणाला सांगितलं नाही. अन्सारभाईंना सांगायचा विचार केला आणि काय सांगायचं ते जुळेना. सांगितलं असतं तर रूहीचं शिक्षण त्याच दिवशी संपलं असतं, एवढं मात्र पक्कं माहीत होतं.

तिन्हीसांज झाली. यादीत हडसर एकदाच होता. चावंड दोनदा.

तेव्हा माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. शिवनेरीवर मी फायरवॉल बसवली होती. बाहेरचं जे काही येईल ते तिच्यापाशी अडायचं. चालू असली की कोपऱ्यात हिरवी ढाल दिसते. आत्ता ढाल लाल होती. फायरवॉल बंद होती.

दुपारी ती हिरवी होती. मी स्वतः पाहिली होती. मधल्या वेळात रूही जागची उठली नव्हती, भरत खाली होता, आणि मी हात धुवायला तेवढी बाहेर गेले होते.

"मावशी," मी म्हणाले, "शिवनेरीला कुणी हात लावला?"

"मीच की," प्रयागबाई म्हणाल्या. त्या पेल्यात पाणी ओतत होत्या.

"काय केलंत?"

"दार उघडलं. दिवेलागण झाली ना."

मला काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं मी साधी गोष्ट विसरले आहे. "तूच न्हाई का सांगितलं, तेजू? त्यो ढालीचा प्रोग्राम म्हंजी आपल्या घराचं दार. लावलं की भाईरचं कोन आत येत न्हाई. मला चालू-बंद करायला बी तूच शिकवलं. आता तिन्हीसांजेला दार लावून बसतंय का कुनी? लक्ष्मीची यायची येळ. मी रोज उघडते, उदबत्ती इझली की लावून घेते."

"रोज?"

"तू च्याला जाती तवा, न्हाईतर वाईच भाईर जाती तवा. तुझा खोळंबा कशाला."

त्यांना शिकवताना मला केवढा अभिमान वाटला होता. अंगठा उठवणारी बाई फायरवॉल चालवते, हे मी कानपूरच्या मित्रांना पत्रात लिहिलं होतं.

"मावशी, ती लक्ष्मी नाही. त्यातून काय येतं तुम्हाला माहीत आहे का?"

"येतं कोन तरी," त्या सहज म्हणाल्या. भरलेला पेला त्यांनी माठाशेजारच्या स्टुलावर ठेवला. "बसतं हितं. पानी दिलं की झालं. पावन्याला नाव इचारत न्हाईत."

पलीकडे रूहीची टाइप करायची टकटक चालू होती. पेल्यातलं पाणी हललं आणि स्थिर झालं. खाली एसटी गेली असेल.

"किती दिवस येतंय?" मी विचारलं.

"आधी दारातच ऱ्हायचं. आता वाईच पुढं येतं. पोरीचं शिकनं बघत आसंल." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "तोंड न्हाई दिसत त्येचं. मी बी बघत न्हाई. उदबत्ती सरली की आपलं आपन जातं, मग मी दार वढते."

त्या क्षणी माझ्या रागाला इतक्या दिवसांनी एक माणूस सापडला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. अडाणीपणा म्हणाले. तुमच्या या असल्या समजुतींनी पिढ्या वाया गेल्या म्हणाले. एका मुलीचं सगळं आयुष्य या दारावर टांगलंय आणि तुम्ही ते उदबत्तीसाठी उघडं टाकता. रूही टाइप करायची थांबली. प्रयागबाई पदराने हात पुसत उभ्या राहिल्या.

मी शिवनेरीपुढे बसले, फायरवॉल चालू केली आणि तिला पासवर्ड घालू लागले. फक्त मला माहीत असलेला.

"तेजू," त्या मागून म्हणाल्या. त्या कधी घाबरत नसत, पण तेव्हा घाबरल्या होत्या. "लावायचं आसंल तर लाव. मी उद्यापास्नं हात बी लावनार न्हाई. पन आधी त्येला जाऊ दे. उदबत्ती आजून निम्मी हाये."

मी एंटर दाबलं. ढाल हिरवी झाली.

मग मी चावंडमागे वाकून त्याची केबल काढून जमिनीवर टाकली. "रूही, आजपासून तुझं मशीन नेटवर्कला जोडायचं नाही. तुला अभ्यासाला इंटरनेट लागत नाही."

"बरं मॅडम," ती म्हणाली.

खाली हॉर्न वाजला. ती गेली. स्टुलावरचा पेला प्रयागबाईंनी उचलला नाही.

५

दुसरा दिवस चांगला गेला. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण तसा दिवस त्या खोलीत कितीतरी काळात गेला नव्हता. एकही मशीन अडलं नाही. तपासणीत एकही व्हायरस निघाला नाही. भरतसुद्धा वर डोकावून म्हणाला, "आज शांत हाये म्याडम. मशीन का तुमी?" आणि मी हसले.

प्रयागबाई आल्या नव्हत्या. बरं नाही म्हणून निरोप होता. दुपारी मी स्वतः झाडून घेतलं. पेल्यातलं पाणी तसंच होतं. खिडकीतून ओतून टाकलं.

मुली गेल्या. रूही चावंडवर होती, परीक्षेचा सराव करत. निळी ओढणी, उसवलेली शिवण. मी पासवर्ड पुन्हा तपासला. ढाल हिरवी. उजेड कमी झाला, समोर स्टँडवरचे दिवे लागले. मी यादी उघडली.

शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन, निमगिरी, सिंदोळा.

एकेकदाच. मी खुर्चीला टेकले. बघा, असं मनात कुणाकुणाला म्हणत होते. प्रयागबाईंना, भरतला, चेअरमनला. दार लावलं की येणारं येत नाही. एवढी साधी गोष्ट.

खाली अन्सारभाईंचा हॉर्न वाजला. माझ्या मागे खुर्ची सरकली. पावलं माझ्या पाठीमागून दारापर्यंत गेली आणि जिना उतरू लागली. मी यादीकडेच बघत होते. काहीतरी खुपत होतं. सगळी मशीन एकेकदा, सगळी हजर, सहाच्या सहा.

चावंडची केबल काल मीच काढली होती. ती अजून जमिनीवर पडलेली होती, माझ्या पायाशी.

मग यादीत चावंड कोण होता?

मी बघत असतानाच ते नाव यादीतून गेलं.

आणि मग ऐकलेलं पुन्हा ऐकू आल्यासारखं कळलं की जिन्यावरची ती पावलं अनवाणी होती.

मी खिडकीशी धावले. स्कूटर स्टँडच्या वळणाला लागली होती. अन्सारभाई पुढे, मागे मुलगी. वेणी, मान, निळ्या ओढणीची किनार. पाठ अगदी बरोबर होती. एकही टाका चुकला नव्हता. बाजारातलं वळण घेईपर्यंत ती पाठमोरीच राहिली.

"मॅडम, हॉर्न आला ना आत्ता?" मागून रूहीने विचारलं. "अब्बा थांबलेत का?"

ती चावंडपुढे उभी होती, दप्तर खांद्याला लावत. तिचा चेहरा, गालावर पेनाची शाई. दाराबाहेर तिच्या चपला जशाच्या तशा होत्या.

"बस," मी म्हणाले. "बस जरा. माझ्याजवळ बस."

मी अन्सारभाईंना फोन लावला. वाजत राहिला. मी शिवनेरीपुढे बसून पासवर्ड टाकला, फायरवॉल उघडली, दार सताड उघडं केलं. ढाल लाल झाली. त्याचा आता काय उपयोग होता? ज्या वाटेनं ते रोज जायचं ती मी बुजवली होती, म्हणून त्याने आमचा जिना धरला होता. पुन्हा फोन लावला. रूही माझ्या तोंडाकडे बघत होती. माझा राग कुठे गेला ते मला अजून माहीत नाही. मी तो शोधत होते, धरायला काहीतरी हवं म्हणून.

फोन उचलला गेला. गाड्यांचा आवाज, मग तो कमी झाला.

"हां मॅडम, बोला. गाडी बाजूला घेतली."

"अन्सारभाई, कुठे आहात?"

"गावाच्या भाईर निघालो. का? कायतरी राहिलं काय पोरीचं?"

"ती..." मी शेजारच्या रूहीकडे पाहिलं. "ती बोलतेय का तुमच्याशी?"

"आज लई गप्प आहे. बसली आपली मागं, धरूनपण नाय बसली." ते हसले. "तुम्ही रागावला काय तिला?"

पट्टी लावलेल्या कॅमेऱ्याने रूहीला समोरून कधी पाहिलं नव्हतं. त्या फोल्डरमध्ये एकही फोटो समोरून नव्हता. तिचा चेहरा या खोलीबाहेर गेला नव्हता. माझा शब्द मी पाळला होता.

"अन्सारभाई, ऐका. मी सांगते ते नीट ऐका. गाडीवरून उतरा आणि सरळ पुढे चालत सुटा. मागे बघू नका."

"काय? आवाज तुटतोय, मॅडम."

"मागे बघू नका."

"थांबा, पोरीलाच देतो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फोनपासून जरा लांब गेला, माणूस मान वळवून बोलतो तसा. "रूही, बेटा, बघ मॅडम काय म्हणतात..."